लँडस्केप सल्लागाराची फी: निविदेपासून शेवटच्या बिलापर्यंत

माझ्या एका जुन्या फाइलवर पेन्सिलीनं तीन आकडे लिहिलेले आहेत: 18, 31, 57. करारात काम 18 महिन्यांचं होतं. पोडियमचा, म्हणजे पार्किंगवरच्या ज्या छतावर बाग करायची त्याचा, स्लॅब वॉटरप्रूफिंग होऊन आमच्या हातात आला 31व्या महिन्यात. आणि माझं काम सुटेपर्यंत साइटवर 57 चकरा झाल्या. फी काढताना मी 20 धरल्या होत्या. बिल्डरनं ठरलेली फी पै न् पै चुकती केली, त्याच्याबद्दल तक्रार नाही. चूक माझी होती. फी मी ड्रॉइंगच्या हिशेबानं लावली होती, वेळेच्या हिशेबानं लावलीच नव्हती.

आपल्या धंद्याची गोम इथे आहे. पाया लांबतो, स्लॅब लांबतो, लिफ्टवाले उशिरा येतात, आणि सगळ्यांची साठलेली दिरंगाई येऊन पडते आपल्या अंगावर, कारण माती आणि झाडं सगळ्यांत शेवटी. तोवर मालकाचे पैसेही संपत आलेले असतात, म्हणून काटछाट सुरू होते ती झाडांपासून. बरं, लागवड झाली म्हणून सुटका नाही. झाड जगलं की नाही हे कळायला वर्ष जातं. त्यामुळे निविदा वाचताना, फी काढताना आणि करारावर सही करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे काम लांबलं तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार?

भरायची की सोडायची

निविदा फुकट भरता येत नाही. नीट भरायची तर माझ्या ऑफिसचे 40 ते 60 तास जातात. ते मी एका वहीत लिहिते, म्हणजे वर्षाखेरीला कळतं की मिळालेल्या कामांनी न मिळालेल्या निविदांचा किती खर्च उचलला.

भरण्याआधी चार गोष्टी बघायच्या. पैसे मंजूर आहेत का? सर्व्हे आणि मातीचा रिपोर्ट तयार आहे, की तोही आपल्याच गळ्यात? निर्णय एक माणूस घेणार की समिती? आणि माझा करार मालकाशी होणार की आर्किटेक्टच्या हाताखाली? मुदत आठच दिवसांची असेल आणि पात्रतेच्या अटी एखाद्याच्या मापानं शिवल्यासारख्या वाटत असतील, तर नवरदेव ठरलेला आहे असं समजायचं आणि आपलं काम करायचं.

मग गुणांची वाटणी बघा. बरेच लोक हे पान उलटून थेट फीच्या तक्त्यावर जातात आणि तिथेच हरतात. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत, म्हणजे तांत्रिक प्रस्ताव एका लिफाफ्यात आणि फी दुसऱ्यात, साधारणपणे सर्वांत कमी फीवाल्याला आर्थिक भागात 100 गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. समजा तुमचे तांत्रिक गुण 85, समोरच्याचे 78. तुमची फी 120, त्याची 100. वाटणी 80:20 असेल, म्हणजे तांत्रिक भागाला 80 टक्के आणि फीला 20 टक्के वजन, तर तुमचे 68 अधिक 16.67, म्हणजे 84.67. त्याचे 62.4 अधिक 20, म्हणजे 82.4. वीस टक्के महाग असूनही काम तुमचं. आता तीच वाटणी 50:50 करून बघा. तुम्ही 84.17, तो 89. काम गेलं.

यातून दोन गोष्टी कळतात. 50:50 किंवा त्याहून खालच्या निविदेत तुम्ही कितीही सुंदर लिहा, फीवरच निकाल लागणार, तेव्हा तिथे जायचंच की नाही ते ठरवा. आणि 80:20 मध्ये फी 120 वरून 110 वर आणली तर वाढतात जेमतेम दीड गुण. तेवढेच गुण तांत्रिक भागात दोन मार्क जास्त मिळवून येतात. दोन मार्कांसाठी दोन दिवस साइटवर घालवणं हे फीतले 10 सोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

साइटवर घालवलेल्या दिवसाचं काय होतं, ते सांगते. एका संस्थेच्या आवाराच्या निविदेसाठी मी टेप घेऊन जुनी झाडं मोजत फिरले. मुळांच्या संरक्षणाचा ब्रिटिश मानकातला ढोबळ नियम असा की छातीच्या उंचीला, म्हणजे 1.5 मीटरवर, खोडाचा जेवढा व्यास असेल त्याच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ राखायचं. 60 सेंटीमीटरच्या खोडाला 7.2 मीटर. ती वर्तुळं त्यांच्याच मास्टर प्लॅनवर काढली तर प्रस्तावित रस्ता तीन मोठ्या झाडांच्या मुळांतून जात होता. प्रस्तावात मी एवढंच पान टाकलं आणि रस्ता 4 मीटर सरकवला तर काय वाचतं ते दोन ओळींत लिहिलं. कंपनी प्रोफाइलची चाळीस पानं मुलाखतीत कुणी उघडलीच नाहीत. चर्चा त्या एका पानावर झाली.

पण इथे हात आखडायलाही शिका. विचार दाखवायचा, डिझाइन द्यायचं नाही. "मॅडम, एक कन्सेप्ट टाका ना बरोबर, म्हणजे कमिटीला कळेल," असा फोन येतोच. हा किस्सा आजचा नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी एग्बर्ट व्हिएल या इंजिनिअरनं आधी जागेचा सर्व्हे आणि आराखडा केला होता. तो बाजूला ठेवून स्पर्धा घेतली गेली, आणि 1858 मध्ये 33 प्रवेशिकांतून ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या डिझाइनर जोडीचा आराखडा निवडला गेला. व्हिएलला आपल्या कामाचे पैसे मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. मी अशा फोनला सांगते की कन्सेप्ट हा पहिला टप्पा आहे, त्याची फी वेगळी लावून लगेच देते. निम्मे फोन तिथेच संपतात. उरलेल्यांतले काही चांगले क्लायंट निघतात.

शंका मात्र सगळ्या लेखी विचारायच्या, दिलेल्या मुदतीत. 'लँडस्केपमध्ये पाणीपुरवठा आणि लायटिंग धरायचं का?' हा एक प्रश्न न विचारल्यामुळे लोकांनी आख्खं इरिगेशन डिझाइन पदरमोड करून दिलेलं मी पाहिलं आहे.

फी आधी तासांत काढा

क्लायंटला आकडा टक्क्यांत हवा असो वा एकरकमी, माझ्या वहीत तो आधी तासांत येतो. आठवड्याला 40 तास, 52 आठवडे, म्हणजे 2,080. सुट्ट्या, रजा, आजारपण मिळून 30 दिवस वजा केले की 1,840. यातला ज्युनिअरचा 80 टक्के वेळ बिलात जाऊ शकतो. मालकाचा निम्मा गेला तरी नशीब, कारण उरलेला निम्मा वेळ निविदा, वसुली, मुलाखती आणि फोनवर. म्हणजे माझ्याकडे विकायला वर्षाला 920 तास आहेत.

आता वरच्या फाइलकडे परत या. 37 चकरा जास्त झाल्या. साइटवरचे दोन तास, जाण्यायेण्याचे तीन, मिनिट्स लिहून फोटोंसकट पाठवायचा एक, म्हणजे चकरेला सहा तास. 37 गुणिले 6, 222 तास. माझ्या वर्षाच्या विक्रीतला जवळजवळ चौथा हिस्सा मी एका पोडियमला भेट दिला.

तासाचा दर काढताना नुसता पगार धरू नका. पगार 100 असेल तर भाडं, सॉफ्टवेअर, विमा, हिशेबनीस, बिलात न जाणारे तास हे सगळं मिळून आणखी 100 ते 120 लागतात. वर नफा. म्हणून पगाराच्या अडीच ते तीन पट हा दर निघतो. दोन पटीच्या खाली गेलात तर घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजताय.

मग ड्रॉइंगची यादी करायची. नाव, स्केल, तास. हार्डस्केप, म्हणजे फरसबंदी, पायऱ्या, भिंती यांच्या डिटेलच्या शीटला मी 14 तास धरते, लागवडीच्या शीटला 10, बीओक्यूचे, म्हणजे कामाच्या बाबी आणि परिमाणांच्या यादीचे, वेगळे. शेवटी एकूण तासांवर 25 टक्के समन्वयाचे. हे 25 टक्के सगळे विसरतात. ड्रेनेजवाल्यानं चेंबर नेमकं झाडाच्या खड्ड्यात टाकलं हे कळणं, त्याला फोन करणं, त्यानं ते न हलवणं आणि शेवटी आपणच झाड हलवून शीट पुन्हा काढणं, याला कुठलीही शीट नसते पण तास लागतात.

एवढं झाल्यावर आकडा क्लायंटच्या भाषेत सांगायचा. कामाची व्याप्ती स्पष्ट असेल तर एकरकमी सगळ्यांत बरी. व्याप्ती धूसर असेल, उदाहरणार्थ परवानग्यांसाठीच्या बैठका, तिथे तासावर, वर कमाल मर्यादा. चौरस मीटरच्या दरापासून मी लांब राहते. 400 चौरस मीटरची गच्ची चार हेक्टरच्या बागेपेक्षा मीटरमागे कितीतरी जास्त तास खाते.

टक्केवारीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ती मागितली सर्रास जाते. पहिला प्रश्न, कशाचे टक्के? भराव, रिटेनिंग वॉल, पाणी, दिवे यात धरले आहेत का? दुसरा, कुठल्या वेळच्या खर्चाचे? अंदाजपत्रकाच्या की शेवटच्या बिलाच्या? बजेट कापलं की ड्रॉइंग सगळी पुन्हा काढावी लागतात आणि फी मात्र कमी होते. काम दीडपट, पैसे पाऊणपट. मी मान्य करते ते असं: डिझाइन पक्कं होईपर्यंत टक्के, आणि मंजूर अंदाजपत्रकावर तो आकडा गोठवून पुढे एकरकमी. नंतरच्या काटछाटीचं काम जादा काम.

आणि टक्केवारीत एक वाकडेपणा मुळातच आहे. जुनं झाड वाचवलं, असलेली माती वापरली, उतार आहे तसा ठेवला तर खर्च कमी होतो आणि आपली फीही. ग्रॅनाइट अंथरला की फी वाढते. चांगलं काम केल्याचा दंड भरायचा, असा हा प्रकार.

जाता जाता नर्सरीच्या कमिशनबद्दल. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये केपेबिलिटी ब्राउन हा बागा आखणारा माणूस डिझाइनही करायचा आणि मजूर लावून काम करूनही द्यायचा, पैसा त्यातून यायचा. 1788 मध्ये या धंद्यात उतरलेला हंफ्री रेप्टन मात्र सल्ला आणि लाल बांधणीची चित्रांची वही विकायचा, काम मालक आपलं आपण करून घ्यायचा. रेप्टनच्या हाती पैसा कमी लागला. दोन्ही रस्ते सरळ आहेत, कारण मालकाला माहीत होतं पैसे कशाचे. आपण सल्ल्याची फी घ्यायची आणि मागच्या दारानं नर्सरीकडून टक्के घ्यायचे, हा तिसरा रस्ता. एकदा तो पैसा घेतला की साइटवर आलेलं वाकडं, मुळं गुंडाळलेलं झाड परत पाठवायला तोंड उरत नाही.

हप्ते

माझी वाटणी अशी: करारावर सही होताना 10 टक्के, कन्सेप्ट 15, डिझाइन डेव्हलपमेंट 20, वर्किंग ड्रॉइंग आणि बीओक्यू 30, कंत्राटदाराची निविदा 5, साइट 15, देखभालीचं वर्ष 5. साइटवर फावडं पडण्याआधी 80 टक्के हातात. यातलं इकडचं तिकडे करायला मी तयार असते, पण ही 80 ची रेघ सोडत नाही.

हप्ता 'मंजुरीनंतर' देय असं लिहिलेलं असेल तर खोडा आणि 'सादर केल्यावर' लिहा. अगदीच ऐकत नसतील तर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मंजूर समजावं, ही ओळ घाला. साइटचे 15 टक्के कंत्राटदाराच्या प्रगतीला बांधू नका. तो झोपला तर आपण उपाशी. महिन्याला ठरावीक रक्कम, ठरावीक महिन्यांसाठी, आणि पुढे प्रत्येक महिन्याला तीच रक्कम. कर वेगळे, प्रवास आणि प्रिंट वेगळे, आणि उशिरा पैशांवर व्याज. व्याज मी आजवर एकदाच वसूल केलं आहे, पण कलम असलं की हिशेब विभागात आपलं बिल ढिगाच्या वर राहतं.

करारात काय बघायचं

कामात काय आहे याची यादी सगळेच करतात. मी जास्त वेळ घालवते ती काय नाही या यादीवर: टोपोग्राफिक सर्व्हे, माती परीक्षण, भिंतींचं स्ट्रक्चरल डिझाइन, कारंज्यांची पंप यंत्रणा, परवानग्यांची फी, थ्रीडी वॉकथ्रू. पोडियम असेल तर आणखी एक ओळ हवीच. भिजलेली माती घनमीटरला साधारण 1.6 ते 2 टन भरते. मीटरभर खोल कुंडी म्हणजे स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेवढं वजन, झाड आणि माणसं वेगळी. मातीची जाडी मी सांगणार, स्लॅब ती पेलतो की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअर लेखी कळवणार, आणि ते कन्सेप्टच्याच टप्प्यात. कोण काय देणार याचा एक पानी तक्ता कराराला जोडा.

रिव्हिजनचा खेळ असा चालतो:

"मॅडम, फक्त तो क्लबहाउसजवळचा कोपरा बदलायचाय."
"सर, लेआउट तर तुमच्या सहीनं मंजूर आहे."
"अहो मंजूर आहेच, थोडंसंच."

त्या कोपऱ्यातून ड्रेनेजचा उतार जातो, त्यावर फरसबंदीची पातळी, तिच्यावर पायऱ्या. थोडंसं म्हणजे सात शीट. म्हणून करारात रिव्हिजनची संख्या तर लिहाच, पण रिव्हिजन म्हणजे काय तेही लिहा. कन्सेप्टला दोन फेऱ्या फीमध्ये. पुढच्या टप्प्याची मंजुरी मिळाल्यावर मागच्या टप्प्यातला निर्णय बदलला तर तो जादा काम, तासाच्या दरानं, आणि लेखी होकार आल्याशिवाय सुरू नाही. दरपत्रक कराराच्या शेवटी जोडा, मग ऐनवेळी घासाघीस होत नाही. पहिली छोटी दुरुस्ती मी बरेचदा सोडून देते, पण त्याचंही शून्य रकमेचं बिल पाठवते. समोरच्याला कळतं की मोजणी चालू आहे.

साइट व्हिजिट आकड्यात. किती, कुठल्या टप्प्याला, आणि त्यापुढच्या प्रत्येकीचा दर. नर्सरीत झाडं निवडायला जाणं ही वेगळी व्हिजिट आहे आणि पूर्ण दिवस खाते.

आता ते कलम, ज्याच्यावाचून मी सही करत नाही. शब्द साधारण असे: 'सल्लागाराच्या दोषाशिवाय काम सलग 60 दिवस थांबल्यास तोवरच्या कामाची फी तत्काळ देय राहील. काम पुन्हा सुरू करताना उर्वरित फीच्या 10 टक्के रक्कम पुनरारंभ फी म्हणून आगाऊ द्यावी. सहा महिन्यांहून अधिक काळ थांबल्यास उर्वरित फी नव्याने ठरवली जाईल. करारातील मुदत संपल्यानंतर चालू राहिलेल्या सेवांसाठी मासिक दर लागू राहील.' पुनरारंभ फी मागणं काहींना लोभ वाटतो. आठ महिन्यांनी फाइल उघडायची, सोडून गेलेल्या ज्युनिअरची ड्रॉइंग समजून घ्यायची, मध्यंतरी आर्किटेक्टनं काय बदललं ते शोधायचं, या आठवड्याचे पैसे आहेत ते. हे कलम त्या जुन्या फाइलमध्ये असतं तर ते 222 तास आपोआप बिलात गेले असते.

झाडांची हमी कंत्राटदाराची. 'सल्लागार लागवडीच्या यशस्वितेची खात्री देतो' असं वाक्य दिसलं तर तिथेच थांबा. पाणी घालणारा माणूस तुमच्या पगारावर नाही. आपण हमी देतो ती वाजवी कौशल्य आणि काळजी घेऊन काम केल्याची. 'उद्देशासाठी योग्य असेल' या शब्दांत निकालाची हमी दडलेली असते, आणि व्यावसायिक विम्यात ती बहुधा बसत नाही. विम्याचंही एक लक्षात ठेवा: बहुतेक पॉलिसी दावा येतो त्या दिवशी चालू असावी लागते. डिझाइन केलं त्या वर्षीचा हप्ता भरला होता, याचा पाच वर्षांनी भिंत तडकल्यावर उपयोग नाही. जबाबदारीला रकमेची मर्यादा घाला, फीइतकी किंवा विम्याइतकी.

कॉपीराइट आपल्याकडे, वापराचा परवाना त्यांना, त्याच जागेपुरता, आणि तोही त्या टप्प्याचे पैसे पोचल्यावर. मूळ कॅड फाइल देण्याआधी हे एकदा वाचा.

आर्किटेक्टच्या हाताखाली असाल तर 'क्लायंटकडून पैसे आल्यावर' हे कलम असतंच. ते काढता आलं नाही तर निदान 'किंवा बिलाच्या तारखेपासून 60 दिवस, जे आधी असेल ते' असं जोडा. आणि मुख्य करारातल्या अटी तुम्हालाही लागू असं लिहिलेलं असेल तर तो मुख्य करार मागून घ्या. न वाचलेल्या कागदाला बांधून घेऊ नका. मध्येच तुम्हाला कंत्राटदाराकडे सोपवण्याची अट असेल, तर आधी विचारा की मग झाड नाकारायचा अधिकार राहतो का. पगार देणाऱ्याचंच झाड नाकारायचं असतं तेव्हा.

करार मोडणं आणि भांडण ही कलमं वकिलाकडून एकदा नीट लिहून घ्या, मग तीच वापरा.

शेवटचे 5 टक्के मिळायला सगळ्यांत कठीण, कारण तोवर क्लायंटचा माणूस बदललेला असतो. देखभालीचं वर्ष संपायच्या महिनाभर आधी मी पत्र टाकून शेवटच्या फेरीची तारीख घेते. त्या दिवशी कंत्राटदार आणि क्लायंटचा प्रतिनिधी, दोघांना बरोबर घेऊन मेलेली झाडं मोजते, यादीवर जागेवरच तिघांच्या सह्या घेते, बदली झाडांची तारीख त्याच कागदावर. बिल त्याच संध्याकाळी, सह्यांच्या कागदाच्या फोटोसकट.